जुन्या अंदाजपत्रकातला रुपया आजच्या रुपयांत: कोणता आकडा खरा?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या नगर परिषदेचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहायला घेतलाय. हाताशी निजामी काळातल्या फसली सनाच्या (हैदराबाद संस्थानच्या महसुली वर्षाच्या) काही वह्या, १९६० नंतरची छापील अंदाजपत्रकं आणि २०२३-२४ पर्यंतचे जमाखर्च आहेत. सगळा खर्च 'आजच्या रुपयांत' मांडून गाव किती पुढे गेलं ते दाखवायचंय. पण इंटरनेटवरच्या दोन कॅल्क्युलेटरांनी दोन वेगळी उत्तरं दिली, पुतण्याने सोन्याच्या भावावरून तिसरं काढलं आणि गावातले जाणते म्हणाले, ज्वारीत मोजा. यातलं खरं कोणतं?

माझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली, मराठवाड्यातल्या नगर परिषदा आणि पंचायत समित्यांच्या वह्या तपासण्यात. निवृत्तीनंतर संशोधन करणाऱ्या पोरापोरींना असे आकडे लावून द्यायचं काम आपसूक मागे लागलं. त्यावरून सांगतो, गुणाकार-भागाकार हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. अवघड आहे ते आपल्याला नेमकं काय विचारायचंय हे ठरवणं. प्रश्न बदलला की निर्देशांक (ठरलेल्या वस्तूंच्या भावपातळीचं माप) बदलतो, आणि निर्देशांक बदलला की निष्कर्ष चक्क उलटा होऊ शकतो.

उलटा म्हणजे किती, ते बघा. समजा, नगर परिषदेने १९९०-९१ मध्ये १ कोटी खर्च केले आणि २०२३-२४ मध्ये ८ कोटी. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक (सरकारी महागाई भत्ता ज्यावर ठरतो तो) १९८२ = १०० या पायावर, म्हणजे १९८२ चे भाव १०० धरून, १९९०-९१ मध्ये १९३ होता. २०२३-२४ चा आकडा त्याच पायावर आणला तर १,८३९ येतो. भाव झाले ९.५३ पट. तेव्हाचा १ कोटी म्हणजे आजचे साडेनऊ कोटी, आणि तुमचा ८ कोटींचा खर्च प्रत्यक्षात १६ टक्क्यांनी घटलेला. आता हेच घाऊक किंमत निर्देशांकाने करा. १९८१-८२ च्या पायावर तो १९९०-९१ मध्ये १८२.७ होता, २०२३-२४ मध्ये साधारण १,०९७ भरतो. सहा पट. या हिशेबाने खर्च एक तृतीयांशाने वाढला! आणि ज्वारी? तिची आधारभूत किंमत १९९०-९१ मध्ये क्विंटलला १८० रुपये होती, २०२३-२४ मध्ये संकरित ज्वारीची ३,१८०. साडेसतरा पटींच्या वर. ज्वारीत मोजलं तर तुमची नगर परिषद निम्म्याहून खाली आली.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, एवढंच. ग्राहक निर्देशांक सांगतो की पगारदार कामगाराच्या घरखर्चाच्या मानाने हा पैसा किती होता. त्याच्या टोपलीत, म्हणजे ज्यांचे भाव मोजतात त्या वस्तूंच्या यादीत, धान्य, भाजी, घरभाडं, दवाखाना, शाळेची फी सगळं असतं. टोपलीही काळाप्रमाणे बदलते. खाद्यपदार्थांचं वजन (शंभरापैकी वाटा) २००१ च्या मालिकेत ४६.२० होतं, २०१६ च्या मालिकेत ३९.१७ झालं. घाऊक निर्देशांकात सेवा जवळपास नाहीतच, कारखान्यातल्या मालाचा भार मोठा. त्यामुळे दोन्ही कधीकधी विरुद्ध दिशेनेही चालतात. २०१५-१६ मध्ये तेल स्वस्त झाल्याने घाऊक निर्देशांक खाली आला होता, बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्याला मात्र महागाईच दिसत होती. ज्वारीचा आकडा सांगतो की तुमच्या कराच्या पैशात शेतकऱ्याचा किती माल आला असता. प्रश्न चांगला आहे, पण नगर परिषद ज्वारी विकतही घेत नाही आणि विकतही नाही.

सोनं मात्र यात आणू नका. १९६० च्या सुमाराला दहा ग्रॅमला शंभर-सव्वाशे रुपये असलेलं सोनं २०२३-२४ मध्ये साठ हजारांच्या घरात होतं, म्हणजे पाचशे पटींहून जास्त. त्याच काळात ग्राहक निर्देशांक नव्वद पट वाढला. पुतण्याला सांगा, लग्नाच्या याद्यांना ते माप ठीक आहे.

आता निर्देशांकाला हात लावण्याआधीचं काम. माझ्या पाहण्यात जी कोष्टकं बिघडतात, त्यातली बहुतेक इथेच बिघडलेली असतात. नगर परिषदेच्या अंदाजपत्रकात एकाच वर्षाचे तीन आकडे वेगवेगळ्या वह्यांत मिळतात: मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. अंदाज फुगवायची खोड आपल्याकडे जुनी आहे. शासनाकडून येणार म्हणून धरलेलं अनुदान येत नाही, आणि मार्चअखेर निम्मी कामं पुढच्या पानावर जातात. त्यामुळे १९७५-७६ चा मूळ अंदाज आणि २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवले तर कोणत्याही निर्देशांकाने ते सुधारणार नाही. प्रत्यक्ष खर्च साधारणपणे दोन वर्षांनंतरच्या अंदाजपत्रकात डावीकडच्या रकान्यात छापलेला सापडतो. तोच घ्या, आणि सगळ्या वर्षांसाठी तोच घ्या.

मुखपृष्ठावरची एकूण रक्कमही उचलू नका. तिच्यात आरंभीची शिल्लक धरलेली असते, आणि 'असाधारण ऋण व निलंबन' या शीर्षाखालचे अनामती, उचल, परतफेड असे येऊन-जाऊन असणारे पैसेही असतात. ते वगळून महसुली आणि भांडवली खर्च वेगळा काढा. उत्पन्नाच्या बाजूला जकातीची गाठ आहे. नगर परिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि बदल्यात सहायक अनुदान सुरू झालं. तुमच्या कोष्टकात त्या वर्षी 'स्वतःचं उत्पन्न' धाडकन कोसळलेलं आणि 'अनुदान' उसळलेलं दिसेल. तो भावाचा खेळ नाही, पैसा एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात गेला. कोष्टकाखाली एक ओळ लिहून टाका.

निजामी वह्यांवर जरा थांबू, कारण हा प्रश्न मराठवाड्याबाहेर कुणाला पडत नाही आणि म्हणून कुठल्या कॅल्क्युलेटरात सापडतही नाही. हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चालायचा आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया म्हणजे कलदार. दर ठरलेला होता, ७ हाली म्हणजे ६ कलदार. जुन्या कागदांत तो '१०० कलदार बरोबर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली' असा लिहिलेला दिसतो. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणून रुपयाच्या १९२ पै. तेव्हा ११६-१०-८ म्हणजे ११६ अधिक १०/१६ अधिक ८/१९२, एकूण ११६.६६७. याला ६/७ ने गुणलं की बरोबर १०० येतात. पायरी एवढीच आहे, पण ती गाळली तर निजामी काळाचा प्रत्येक आकडा सुरुवातीलाच सहाव्या हिश्श्याने फुगतो आणि पुढे कितीही गुणलं तरी तो फुगवटा राहतो.

१९५० ते १९५९ हा पट्टा सगळ्यात निसरडा. १९५० मध्ये भारतीय रुपया आला, पुढच्याच वर्षी हाली नाणी-नोटा काढणं थांबलं, पण चलनातून हाली अधिकृतपणे बाद झाला तो १९५९ मध्ये. मधल्या वर्षांची वही कोणत्या सिक्क्यात आहे हे पानावर लिहिलेलं असेलच असं नाही. अशा वेळी मी एखादी ठरलेली नोंद शोधतो, सरकारी अनुदान किंवा मंजूर वेतनश्रेणीतला पगार. तीच रक्कम मंजुरीच्या आदेशात कलदारात असेल आणि वहीत तिच्या सव्वापटीहून थोडी कमी भरत असेल, तर वही हालीत आहे. शिवाय १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, त्यामुळे त्या वर्षी आणे आणि नवे पैसे एकाच वहीत भेटतात. '५-१२' म्हणजे ५ रुपये १२ आणे, की ५ रुपये १२ नवे पैसे? पहिलं असेल तर पावणेसहा रुपये होतात. बेरीज करून बघा, कोणत्या पद्धतीने जुळते ते कळतं.

सन बदलायलाही विसरू नका. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतं, पण हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन त्याच वर्षाच्या अखेरीस पडतो. फसलीवरून एप्रिल-मार्चवर येतानाची वही किती महिन्यांची आहे तेही मोजून घ्या. अर्ध्या वर्षाचा खर्च पूर्ण वर्षाशेजारी ठेवला की मुक्तीनंतर नगरपालिका ओस पडली असं वाटतं.

आणि त्या काळात भाव काय होते? अखिल भारतीय घाऊक निर्देशांक ऑगस्ट १९३९ = १०० धरून १९४७-४८ मध्ये ३०८ आणि १९४८-४९ मध्ये ३७६ झाला होता. युद्धाच्या आधीपासून मुक्तिसंग्रामापर्यंत तुमच्या नगरपालिकेचा खर्च तिप्पट-चौपट झालेला दिसला तर ती बहुतेक निव्वळ महागाई. कोरियन युद्धाच्या काळात तो १९५१-५२ मध्ये ४३४.६ वर चढला आणि १९५२-५३ मध्ये ३८०.६ वर उतरला. पण हे आकडे साऱ्या देशाचे. पोलीस ॲक्शनच्या आधी नाकेबंदीचे महिने काढलेल्या बीड-परभणीच्या बाजारात मिठाचा किंवा रॉकेलचा भाव या सरासरीला जुळला असेल असं मी म्हणणार नाही.

१९६० नंतर मात्र जमीन पक्की आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकाच्या मालिका १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ या मूळ वर्षांच्या आहेत. प्रत्येक बदलाच्या वेळी सिमल्याच्या श्रम ब्युरोने जुनी-नवी मालिका सांधणारा गुणक दिलाय: १९६० ते १९८२ साठी ४.९३, १९८२ ते २००१ साठी ४.६३ आणि २००१ ते २०१६ साठी २.८८. २०२३-२४ ची सरासरी २०१६ च्या पायावर १३७.९ येते. ती मागे न्यायची तर १३७.९ × २.८८ = ३९७, त्याला ४.६३ ने गुणून १,८३९, त्याला ४.९३ ने गुणून ९,०६५. १९६० चा आकडा १००. म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीचा १ लाख रुपयांचा खर्च २०२३-२४ च्या भावाने ९० लाख ६५ हजार. कुठल्याही वर्षाचं सूत्र एकच: जुना आकडा गुणिले नव्या वर्षाचा निर्देशांक, भागिले जुन्या वर्षाचा निर्देशांक, दोन्ही एकाच पायावर. गुणक न लावता २०००-०१ चा ४४४ (पाया १९८२) आणि २००६-०७ चा १२५ (पाया २००१) शेजारी लिहून 'भाव उतरले' म्हणणारे प्रबंध मी वाचलेत.

सरळ 'दरसाल ६ टक्के' धरून चक्रवाढ लावायचा शॉर्टकट घेऊ नका. ६ टक्क्यांनी ६३ वर्षांत ३९ पट होतात, खरी वाढ नव्वद पट आहे. सरासरी दर बरोबर काढला तरी मधली वर्षं चुकतात. १९७२ चा दुष्काळ आठवा. १९६० च्या पायावर निर्देशांक १९७१-७२ मध्ये १९२ होता, १९७२-७३ मध्ये २०७, मग २५०, मग १९७४-७५ मध्ये थेट ३१७. दुष्काळावर अरबांच्या तेलाची भर पडली होती. त्यानंतर १९७५-७६ मध्ये तो ३१३ आणि १९७६-७७ मध्ये ३०१ असा चक्क उतरला. तुमच्या वहीत १९७१-७२ ते १९७४-७५ या काळात खर्च दीडपट झालेला असेल, तर त्या काळात नगरपालिका खरं तर आक्रसत होती, कारण भाव त्याहून जास्त, १.६५ पट झाले होते. टँकर आणि खडी केंद्रांच्या त्या वर्षांत लोकांना नगरपालिका हात आखडता घेते असं वाटत होतं, त्याची ही आकड्यांतली साक्ष.

तुम्ही विचाराल, हा निर्देशांक तर मुंबई, सोलापूर, नागपूरच्या कामगारांचा, त्यात मराठवाडा कुठे? रास्त शंका आहे. केंद्र सरकारच्या मालिकेत दीर्घकाळ मिळणारं आपल्याला जवळचं शहर सोलापूर. राज्याच्या कामगार आयुक्तालयाच्या लेबर गॅझेटमध्ये औरंगाबाद आणि नांदेड केंद्रांचे निर्देशांक १९६१ = १०० या पायावर छापले जात. जुने अंक ग्रंथालयात मिळाले तर औरंगाबाद केंद्राची मालिका काढून अखिल भारतीय मालिकेशी ताडून बघा. फरक थोडा असेल तर अखिल भारतीयच वापरा, वाचकाला पडताळता येते. खेडेगावाचा किंवा रोजगार हमीच्या मजुरीचा प्रश्न असता तर मी शेतमजुरांचा निर्देशांक सांगितला असता. तो राज्यवार मिळतो, आणि केंद्राच्या रोजगार हमीची (मनरेगाची) मजुरी त्याच्यावरूनच ठरत आली.

सगळ्या खर्चाला एकच माप लावावं का? स्मरणिकेसाठी मी म्हणेन, मुख्य कोष्टक ग्राहक निर्देशांकाने करा, सामान्य वाचकाला तेच कळतं. पण बांधकाम वेगळं काढा. रस्ता, नाली, पाण्याची टाकी यांना सिमेंट, लोखंड, खडी, डांबर, मजुरी लागते, घरभाडं आणि डाळ लागत नाही. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची, आपण डीएसआर म्हणतो ती, उत्तम. दोन वर्षांच्या डीएसआरमधून त्याच प्रतीच्या काँक्रीटचा घनमीटरचा दर आणि खोदाईचा दर घ्या, त्यांचं गुणोत्तर काढा. कोणत्याही सरकारी निर्देशांकापेक्षा ते तुमच्या गावच्या नालीच्या जास्त जवळ असतं. मोठ्या, अनेक वर्षं चाललेल्या कामाला आणखी एक नियम: एकूण रकमेला शेवटच्या वर्षाचा निर्देशांक लावायचा नाही, प्रत्येक वर्षाचा खर्च त्या त्या वर्षाच्या निर्देशांकाने वेगळा फिरवून मग बेरीज. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते. त्यातल्या नुसत्या शेवटच्या पाच वर्षांत, १९७०-७१ ते १९७५-७६, निर्देशांक १८६ वरून ३१३ वर गेला. सुरुवातीला घातलेला रुपया आणि शेवटी घातलेला रुपया एकाच पोत्यात भरून चालत नाही. सिंचनाची किंवा पाणीपुरवठ्याची सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सुप्रमा, हाती लागली तर सोन्याहून पिवळं. तिच्यात किंमतवाढ कशाने झाली याची फोड असते: दरसूचीतली वाढ किती, संकल्पनातला बदल किती, भूसंपादन किती. महागाईचा वाटा आयता वेगळा मिळतो.

पगाराचं पान बघताना वेतन आयोगांची वर्षं शेजारी लिहून ठेवा. राज्यात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, प्रत्यक्ष पगारात तो जानेवारी २०१९ पासून आला आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायची ठरली. नगर परिषदांना तो त्याच्याही नंतर मिळाला. या हप्त्यांनी पुढची काही वर्षं फुगतात. असाच उंचवटा शेजारच्या लातूर-धाराशिवच्या आकड्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दिसतो. निर्देशांक हे सपाट करत नाही आणि करूही नये. तिथे टीप द्यावी.

आता आपल्या भागाचा जुना दुखरा विषय, अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मानाने विकासात राहिलेली तूट भरायला लागणारा पैसा. महागाई काढून टाकल्यावर काय उरतं ते शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी काढला, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष काढला, तो एकूण १४,००६.७७ कोटी आणि मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी. भाषणांत हे दोन आकडे 'दहा वर्षांत अनुशेष पाचपट' असे येतात. आपण भाव काढून बघू. ग्राहक निर्देशांक १९८२ च्या पायावर १९८३-८४ मध्ये १११, १९८४-८५ मध्ये ११८ आणि १९९३-९४ मध्ये २५८. सुरुवातीचं वर्ष कोणतं धरता यावर ७५०.८५ कोटींचे १,६४० ते १,७४५ कोटी होतात. घाऊक निर्देशांकानेही १,६५० च्या आसपासच येतात. म्हणजे पाचपट नाही, साधारण सव्वादोन ते अडीचपट. ही उरलेली वाढही सगळी 'दुर्लक्ष' या एका खात्यावर टाकता येत नाही. दुसऱ्या समितीने राज्याची सरासरी नव्याने मोजली, मापदंड नवे लावले. राज्याची सरासरी वर सरकली की मागे असलेल्याचा अनुशेष आपोआप वाढतो. तरीही एक आकडा कोणत्याही निर्देशांकाशिवाय बोलतो, तो म्हणजे वाटा. एकूण अनुशेषात मराठवाड्याचा वाटा २३.५६ टक्के होता, तो २८.५९ टक्के झाला. एकाच वर्षाच्या दोन रकमांचा भागाकार केला की महागाई वर-खाली दोन्हीकडे असते आणि कटते. भांडायचंच असेल तर या आकड्यावर भांडा, तो खोडून काढणं अवघड आहे.

तुमच्या कोष्टकातही हाच मार्ग वापरा. पाणीपुरवठ्यावर एकूण खर्चाच्या किती टक्के, आस्थापनेवर (नोकरवर्ग आणि कार्यालयावर) किती, शाळांवर किती, याला निर्देशांक लागत नाही, हाली-कलदार लागत नाही.

जिल्ह्याशी तुलना करणार असाल तर सीमा बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा जिल्हे पाच होते. जालना १ मे १९८१ ला औरंगाबादमधून निघाला आणि परभणीचा परतूर तालुका त्यात गेला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून, हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून. १९८०-८१ चा उस्मानाबाद जिल्हा आणि आजचा धाराशिव जिल्हा यांचा खर्च थेट लावला तर निम्मा जिल्हा गायब होतो. तुमच्या नगर परिषदेची हद्दवाढ कधी झाली तेही शोधा, आणि खर्च दरडोई काढा. लोकसंख्येचा शेवटचा पक्का आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे. त्यापुढच्या वर्षांना अंदाज वापरला तर तसं लिहा.

एक्सेलमध्ये मूळ रकमेचा रकाना अखेरपर्यंत तसाच ठेवा, वहीत आहे तसा, आणे-पैसह. पुढचा रकाना दशमान रुपयांचा, मग निर्देशांक, मग २०२३-२४ च्या भावाची रक्कम. निर्देशांक वेगळ्या पानावर एकदाच लिहा आणि सगळीकडे तिथूनच घ्या. उत्तर लाखात द्या. '९०,६५,३१२ रुपये' लिहिलं की कुणीतरी त्या ३१२ वर विश्वास ठेवतो. टक्केवारी वजा करायची सवयही सोडा. खर्च २०० टक्के वाढला आणि भाव १५० टक्के वाढले, तर खरी वाढ ५० टक्के नसते. ३ भागिले २.५, म्हणजे २० टक्के. 'आजचे रुपये' असंही लिहू नका, स्मरणिका कपाटात वीस वर्षं राहणार आहे. '२०२३-२४ च्या किमतींनुसार' लिहा.

फसली वह्यांचं काय करायचं, तर माझं मत असं की त्या २०२३-२४ च्या रुपयांत आणूच नका. घाऊक निर्देशांकाची जुनी मालिका, मग ग्राहक निर्देशांक, मध्ये हालीचा भागाकार, इतक्या सांध्यांनंतर आलेल्या रकमेवर मी सही करणार नाही. त्यांचा वेगळा तक्ता करा, हालीतच ठेवा, खाली ७:६ चा दर आणि इसवी सन द्या. शेजारी त्याच वहीतले दर मांडा: झाडूवाल्याचा महिन्याचा पगार, कंदिलाच्या तेलाचा भाव, विहीर उपसायची मजुरी. दिवाबत्तीवर खर्च केलेल्या रकमेत किती झाडूवाल्यांचे पगार झाले असते, हे वाचकाला त्या तक्त्यातून स्वतः काढता येईल.